हिऱ्यातला खरा डिप कसा ओळखायचा: एनव्ही केंद्रांनी चुंबकीय क्षेत्र मोजण्याची कृती, घरच्या टेबलापासून नॅनोमीटरपर्यंत

पहिला डिप, म्हणजे आलेखातला खड्डा, दिसला त्या रविवारी आम्ही चौघं ऐरोलीहून लोकल पकडून ठाण्याला गेलो आणि मामलेदार मिसळ खाऊन आलो. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, पण आनंद असा की विचारू नका. हिऱ्यानं चुंबकीय क्षेत्र मोजायला घरी जुळवलेल्या यंत्रावर २.८७ गिगाहर्ट्झच्या आसपास आलेख झकास खाली वाकला होता. परत आल्यावर माझ्या विद्यार्थिनीनं सहज म्हणून लेसर बंद ठेवून पुन्हा स्वीप मारला, म्हणजे वारंवारता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवली. डिप तसाच. हिरा अंधारात, आणि डिप जागच्या जागी! मिसळ फुकट गेली.

तेव्हापासून आमच्या खोलीत एक शिस्त आहे: डिप दिसला की आधी तो खोटा ठरवायला बसायचं. खाली जी कृती दिली आहे तिच्यात जोडाजोडी अर्धीच आहे, उरलेला अर्धा भाग हा संशय घेण्याचा आहे. भौतिकशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांना पहिला टप्पा घरी किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेत जमतो. दुसरा टप्पा, म्हणजे काही नॅनोमीटरवरच्या अणुकेंद्रांचा चुंबकीय अनुनाद ऐकणं, घरी होत नाही. पण तिथे काय करतात आणि कुठे फसतात हे आधीच ठाऊक असेल तर मोठ्या प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी भांबावायला होत नाही.

हिऱ्याच्या आत काय आहे

हिरा म्हणजे कार्बन अणूंची घट्ट जाळी. तिच्यात एखाद्या कार्बनच्या जागी नायट्रोजन येऊन बसला आणि त्याच्या अगदी शेजारची जागा रिकामी राहिली, की त्या जोडीला नायट्रोजन-व्हेकन्सी केंद्र म्हणतात. सगळे एनव्हीच म्हणतात. त्यात एक जादा इलेक्ट्रॉन आला की ते आपल्या कामाचं होतं. अशा केंद्राच्या स्पिनला, म्हणजे त्यातल्या इलेक्ट्रॉनांच्या अंगभूत चुंबकपणाला, तीन पातळ्या असतात: शून्य, अधिक एक, उणे एक. बाहेरून चुंबकीय क्षेत्र नसेल तर शून्य पातळी आणि बाकीच्या दोन यांच्यात २.८७ गिगाहर्ट्झचं अंतर असतं.

खरी गंमत पुढे आहे. हिरवा उजेड टाकला की हे केंद्र लाल उजेड देतं: ६३७ नॅनोमीटरला एक बारीक रेघ आणि तिथून जवळपास ८०० पर्यंत पसरलेला पट्टा. स्पिन शून्य पातळीत असेल तर लाल उजेड जास्त, अधिक-उणे एकमध्ये असेल तर कमी. कारण त्या दोन पातळ्यांतून वर गेलेला इलेक्ट्रॉन बऱ्याचदा एका आडवाटेनं, लाल फोटॉन न देता, खाली येतो. ती आडवाट त्याला शून्य पातळीवर आणून सोडते. म्हणजे हिरवा लेसर एकाच वेळी पाटी पुसतो आणि पाटी वाचतोही. शिवाय हे सगळं साध्या खोलीच्या तापमानाला चालतं, द्रव हेलियम लागत नाही.

आता २.८७ गिगाहर्ट्झचे मायक्रोवेव्ह दिले की स्पिन शून्यावरून हलतं आणि लाल उजेड थोडा मंदावतो. हाच डिप. या पद्धतीला ओडीएमआर म्हणतात, म्हणजे उजेडातून वाचलेला चुंबकीय अनुनाद. केंद्राच्या अक्षाच्या दिशेनं १ मिलिटेस्ला क्षेत्र दिलं तर एक डिप २८ मेगाहर्ट्झ वर सरकतो, दुसरा तेवढाच खाली. हा आकडा पाठ करून ठेवा, पुढे पदोपदी लागतो.

पायरी १: हिरा निवडणं

झवेरी बाजारातला हिरा घेऊन येऊ नका. दागिन्यातला हिरा जितका पांढरा तितका महाग, आणि पांढरा ठेवायचा म्हणून त्यातला नायट्रोजन कमीत कमी ठेवलेला असतो. आपल्याला उलटं हवं: नायट्रोजन भरपूर असलेला, उच्च दाबाखाली बनवलेला पिवळसर हिरा, ज्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा करून नंतर निर्वातात ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजलेलं असतं. माऱ्यानं रिकाम्या जागा तयार होतात, भाजल्यावर त्या हलू लागतात आणि नायट्रोजनशेजारी येऊन अडकतात. हे घरी करण्याचं काम नव्हे. असे तयार कण भुकटीच्या रूपात विकत मिळतात. १०० ते १५० मायक्रॉनचे घ्या. त्याहून बारीक घेतलेत तर चिमट्यात धरता येत नाहीत आणि पंख्याच्या वाऱ्यावर उडून जातात. आमचे पहिले तीन असेच गेले.

दोन नमुने करा. एका काचपट्टीवर चिमूटभर भुकटी पारदर्शक गोंदात बसवलेली, दुसरीवर एकच मोठा कण. भुकटीतून उजेड जास्त मिळतो, त्यामुळे पहिला डिप तिच्यावर शोधावा. चुंबकाचे प्रयोग मात्र एकाच कणावर. कारण नंतर येईलच.

पायरी २: हिरवा आत, लाल बाहेर

लेसर ५२० नॅनोमीटरचा, थेट डायोडवाला, ५० मिलिवॅटच्या आसपास घ्या. रस्त्यावर मिळणारा हिरवा पॉइंटर टाळा. त्यातला हिरवा रंग अवरक्त प्रकाशापासून तयार होतो आणि स्वस्तातल्या पॉइंटरमधून ८०८ आणि १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश बाहेर गळतो. आपला फिल्टर हिरवं अडवतो, अवरक्त आरपार सोडतो. सिलिकॉनच्या फोटोडायोडला ते दिसतं, तुमच्या डोळ्याला दिसत नाही. मग फोटोडायोड भरघोस उजेड दाखवतो आणि तुम्ही खूश होता. हिऱ्याचा त्यात काहीच वाटा नसतो.

५० मिलिवॅटचा झोत डोळ्यात गेला तर पापणी मिटायच्या आत इजा होते. त्या तरंगलांबीसाठीचा गॉगल घाला, झोत टेबलाला समांतर आणि बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीपेक्षा खाली ठेवा, हातातली अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा. आमच्याकडे दारावर कडी आणि बाहेर लाल रुमाल असतो. रुमाल असेपर्यंत चहा घेऊनही कुणी आत यायचं नाही.

कणावर झोत छोट्या भिंगानं एकवटा. लाल उजेड गोळा करायला कणाच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जा, कारण हिऱ्याचा अपवर्तनांक २.४ आहे आणि आतला बराचसा उजेड आतच आदळत राहतो. फोटोडायोडपुढे ६५० नॅनोमीटरचा लाँगपास फिल्टर, म्हणजे त्याहून लांब तरंगलांबीचाच उजेड सोडणारा, लावा. बीपीडब्ल्यू३४ सारखा साधा फोटोडायोड आणि ऑप-ॲम्पवर १०० किलोओहम ते १ मेगाओहमचा फीडबॅक रोधक, एवढं पुरतं. फिल्टरमधून डोळ्यांनी पाहिलंत तर कण निखाऱ्यासारखा लाल दिसायला हवा. नसेल दिसत तर पुढे जाऊच नका.

जून ते सप्टेंबर या वस्तू सिलिका जेलच्या डब्यात ठेवा. खाडीकाठच्या दमट हवेत फिल्टरवर बुरशी धरते आणि खारेपणानं कनेक्टरचं पितळ हिरवं पडतं. एका पावसाळ्यात आमचा संपर्क अधूनमधून तुटायचा, त्याला आम्ही महिनाभर हिऱ्याचा नवा गुणधर्म समजत होतो.

पायरी ३: मायक्रोवेव्ह, आणि डबा

मायक्रोवेव्ह तयार करणारा एडीएफ४३५१ चिपचा तयार बोर्ड मिळतो. तो ३५ मेगाहर्ट्झपासून ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत चालतो आणि अर्डुइनोवरून हुकूम देता येतो. लॅमिंग्टन रोडला चौकशी करा किंवा ऑनलाइन मागवा. त्याची ताकद जास्तीत जास्त ५ डीबीएम, म्हणजे साधारण ३ मिलिवॅट. कण अँटेनाला चिकटून असेल तर एवढ्यावरही काही ना काही दिसतं, पण एखादा अर्ध्या ते एक वॅटचा ॲम्प्लिफायर जोडलात तर जीव शांत राहतो.

अँटेना म्हणजे एसएमए कनेक्टरच्या मधल्या पिनेपासून बाहेरच्या धातूपर्यंत डाख दिलेला बारीक तांब्याच्या तारेचा फासा, व्यास एक ते दोन मिलिमीटर. कण फाशाच्या मधोमध. बस्स. छापील पट्ट्यांच्या सुबक अँटेना नंतर करा.

हे सगळं ॲल्युमिनियमच्या बंद डब्यात ठेवा, आणि यात हयगय नको. विमानतळावरची टेहळणी रडारं साधारण २.७ ते २.९ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. आपला डिप नेमका त्याच पट्ट्यात आहे, आणि नवी मुंबईत आता विमानतळ आहे. वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा खुला आहे म्हणून हाही असेल असं समजू नका. डबा ॲल्युमिनियमचाच घ्या. स्वयंपाकघरातला स्टीलचा डबा आधी चुंबक लावून पाहा, काही स्टील चुंबकाला चिकटतं आणि मग तो डबाच तुमच्या मोजमापात येऊन बसतो.

पायरी ४: एक टक्क्याची कुजबूज ऐकणं

एकाच केंद्राकडे पाहिलं तर डिप वीस-तीस टक्के खोल जाऊ शकतो. आपल्या कणात मात्र केंद्रं असंख्य, चार दिशांना तोंड केलेली, आणि लेसर-मायक्रोवेव्ह दोन्ही बेताचे. त्यामुळे एक टक्का मिळाला तरी उत्तम. लेसरची चमक तेवढी तर आपोआप हलते. म्हणून लॉक-इनची युक्ती: मायक्रोवेव्ह ठरावीक वेगानं चालू-बंद करायचे आणि लाल उजेडात फक्त त्याच वेगानं होणारा बदल शोधायचा.

हजारो रुपयांचं यंत्र लागत नाही. फोटोडायोडचा सिग्नल लॅपटॉपच्या माइक इनपुटमध्ये घाला, चालू-बंदचा संदर्भ दुसऱ्या चॅनेलमध्ये, आणि दोघांचा गुणाकार करून सरासरी काढणारा वीस ओळींचा प्रोग्राम लिहा. बऱ्याच लॅपटॉपचं माइक इनपुट एकाच चॅनेलचं असतं, तेव्हा दोन चॅनेलचं यूएसबी साउंड कार्ड घ्या. व्होल्टेज आधी विभागून कमी करा, नाहीतर कार्ड जातं. साउंड कार्ड स्थिर व्होल्टेज दाखवत नाही, त्यामुळे एकूण उजेड मल्टिमीटरवर वेगळा मोजून वहीत टिपा. डिप किती टक्के हे सांगायला तोच आकडा लागतो.

चालू-बंदचा वेग आम्ही १३७५ हर्ट्झ ठेवतो. आपली वीज ५० हर्ट्झची. तिच्या पटी सगळीकडे घुसतात, आणि ट्यूबलाइट १०० हर्ट्झनं लुकलुकते. १३५० आणि १४०० यांच्या बरोब्बर मधली जागा म्हणून १३७५. सुरुवातीला आम्ही गोल आकडा आवडतो म्हणून १००० घेतला होता, तेव्हा शेजाऱ्यांनी मिक्सर लावला की आलेखाला शिंगं फुटायची.

आता २.७७ ते २.९७ गिगाहर्ट्झ स्वीप करा, एकेका मेगाहर्ट्झच्या पावलानं, प्रत्येक पावलावर अर्धा सेकंद. दोनशे पावलं, शंभर सेकंद. लॉक-इनच्या आलेखात उजेडातला खड्डा डोंगरासारखा वर आलेला दिसू शकतो, तो फक्त चिन्हाचा प्रश्न आहे. शिखर एकच नसून मध्ये थोडी खाच दिसली तर घाबरू नका, जाळीतल्या ताणामुळे क्षेत्र नसतानाही दोन्ही पातळ्या जराशा फाकलेल्या असतात.

पायरी ५: मिसळ खायच्या आधीच्या तीन परीक्षा

एक, लेसर बंद करून तोच स्वीप. आमचा डिप इथेच पकडला गेला. झालं होतं ते असं: मायक्रोवेव्ह फोटोडायोडच्या तारेत शिरत होते, ऑप-ॲम्प त्यांचं थोडं व्होल्टेज करून टाकत होता, आणि बोर्डाची व फाशाची ताकद वारंवारतेनुसार कमीजास्त होत असल्यानं त्याचा आकार हुबेहूब डिपसारखा येत होता. मायक्रोवेव्ह १३७५ नंच चालू-बंद होतात, म्हणून लॉक-इनही फसतो. लॉक-इन वेगळ्या वेगाचा गोंगाट गाळतो, त्याच वेगाची लबाडी गाळत नाही. उपाय: फोटोडायोडला धातूचं आवरण, छोटी तार, आणि ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी मायक्रोवेव्ह अडवणारा फेराइटचा मणी.

दोन, लेसर चालू, पण हिरा काढून त्या जागी साधी काच किंवा लाल चमकणारा प्लास्टिकचा तुकडा. डिप राहिला तर तो हिऱ्याचा नव्हे.

तीन, आणि हीच खरी कसोटी: हिरा परत ठेवा आणि छोटा निओडिमियम चुंबक दहा सेंटिमीटरवरून हळूहळू जवळ आणा. खरा डिप रुंदावतो, फाटतो, सरकतो. खोटा ढिम्म हलत नाही. भुकटीत कण हवे तसे पडलेले असल्यानं डिप फक्त पसरत जाऊन विरतो. एकाच कणात मात्र केंद्रांच्या दिशा चारच, म्हणून चारांच्या दोन-दोन, असे आठपर्यंत डिप सुटे दिसतात. ते आठ पहिल्यांदा सुटे दिसले तेव्हा आम्ही मिसळ खाल्ली नाही. पुन्हा लेसर बंद करून पाहिलं, आणि मग खाल्ली.

पायरी ६: आकड्यात बोलणं

आठांपैकी सर्वांत बाहेरचे दोन घ्या. ते ज्या केंद्रांचे आहेत त्यांचा अक्ष क्षेत्राच्या सर्वांत जवळचा. दोघांमधलं अंतर मेगाहर्ट्झमध्ये मोजा आणि ५६ नं भागा, त्या अक्षावरचं क्षेत्र मिलिटेस्लामध्ये मिळतं. चुंबकाचं अंतर बदलत आलेख काढा. लांब गेल्यावर क्षेत्र अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात उतरायला हवं. उतरत नसेल तर आसपास दुसरं लोखंड आहे. आमच्या बाबतीत ते पलंगाखालचं डंबेल निघालं.

दोघांची सरासरी वेगळीच गोष्ट सांगते: तापमान. खोलीच्या तापमानाजवळ २.८७ चा मध्य दर अंशाला सुमारे ७४ किलोहर्ट्झ खाली सरकतो. लेसरनं कण वीस अंश तापला तर दीड मेगाहर्ट्झ. एकाच डिपवर नजर ठेवून क्षेत्र मोजणारा माणूस मे महिन्यात एसी बंद झाला की पृथ्वीचं क्षेत्र बदललं असं जाहीर करून मोकळा होईल. अंतर क्षेत्रासाठी, सरासरी तापमानासाठी, हे दोन्ही रकाने वहीत कायम हवेत.

इथं जरा विषयांतर. चुंबकीय मोजमापात परिसर आडवा येतो हे मुंबईइतकं कुणी सोसलं नसेल. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं आणि नोंदी बिघडतील म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभारली गेली. ती आजही चालते. ती सांभाळणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय आपल्या नवीन पनवेललाच आहे. आपल्याकडे पृथ्वीचं क्षेत्र ४० मायक्रोटेस्लाच्या थोडं वर आहे, म्हणजे एनव्हीच्या भाषेत एक-सव्वा मेगाहर्ट्झ. सोसायटीची लिफ्ट, ठाणे-वाशी लोकलच्या तारांतला ५० हर्ट्झचा प्रवाह, लोखंडी कपाट उघडणं, सगळं त्याच्यात मिसळतं. काही टाळता येत नाही, पण रात्री दोन ते चार या वेळात मोजलं तर आलेख पुष्कळ शांत येतो.

आता नॅनोमीटरकडे

आतापर्यंत असंख्य केंद्रांचा एकत्र आवाज ऐकला. १९९७ मध्ये जर्मनीतल्या केम्निट्झ इथे एकट्या एनव्हीचा अनुनाद पहिल्यांदा पकडला गेला. २००८ मध्ये हार्वर्ड आणि स्टुटगार्टच्या गटांनी तो चुंबकमापक म्हणून वापरता येतो हे दाखवलं, आणि २०१३ मध्ये आयबीएमच्या अल्माडेन प्रयोगशाळेनं व स्टुटगार्टच्या गटानं हिऱ्याच्या पृष्ठभागावरच्या काही नॅनोमीटर आकाराच्या नमुन्यातले हायड्रोजन ऐकले. आपल्याकडे आयआयटी मुंबईत एनव्हीवर काम चालतं. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेतलं संवेदन आणि मापनाचं केंद्रही तिथेच आहे. ऐरोलीहून पवई हाकेच्या अंतरावर. पुलावर ट्रॅफिक नसेल तर.

रुग्णालयातल्या एमआरआयपेक्षा इथलं गणित वेगळं आहे, ते एकदा हातानं करून पाहा. पाच नॅनोमीटर बाजूच्या तेलाच्या घनात, प्रत्येक घन नॅनोमीटरमध्ये साधारण ६० हायड्रोजन धरले तर, साडेसात हजार हायड्रोजन. २३.५ मिलिटेस्ला क्षेत्रात खोलीच्या तापमानाला एका दिशेकडे झुकणारा जादा वाटा साधारण एक कोटीत एक. म्हणजे साडेसात हजारांत एकसुद्धा नाही, हजारातला एक भागही नाही. पण नाणी उडवली की छापा-काटा बरोबर निम्मे कधी पडत नाहीत. साडेसात हजारांचं वर्गमूळ ८७, तेवढा असमतोल निव्वळ योगायोगानं सतत असतो. एनव्ही हा योगायोग ऐकतो. नमुना जितका लहान तितकं हे वर्गमूळ सरासरीच्या मानानं भारी पडतं, म्हणून नॅनोत कमजोर चुंबक चालतो.

मात्र केंद्र पृष्ठभागाच्या अगदी खाली हवं. साधारण जितकं खोल तितक्याच अंतरातलं त्याला ऐकू येतं, आणि चुंबकीय गलबल्याची ताकद, म्हणजे क्षेत्राचा वर्ग, खोलीच्या घनानं घटते. पाचाऐवजी दहा नॅनोमीटर खोल असेल तर आठवा हिस्सा, वीस असेल तर चौसष्टावा. अडीच किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेनं नायट्रोजन हिऱ्यात रोपला तर सरासरी चार-पाच नॅनोमीटर खोली मिळते. पण ही सरासरी आहे. प्रत्येक केंद्र आपल्या मर्जीनं बसतं.

प्रत्यक्ष क्रम असा. कॉन्फोकल, म्हणजे एका वेळी एकाच बिंदूतला उजेड टिपणाऱ्या, सूक्ष्मदर्शकाखाली लाल ठिपका शोधायचा. तो एकच केंद्र आहे का हे फोटॉनांच्या वेळा तपासून ठरवायचं: एकटं केंद्र एका क्षणी दोन फोटॉन देत नाही. चुंबक त्याच्या अक्षाशी जुळवायचा, नेहमीच्या कापाच्या हिऱ्यात हा अक्ष पृष्ठभागाच्या लंबाशी ५४.७ अंशांवर असतो. जुळणी तिरकी राहिली तर उजेडातला फरकच मावळतो. २३.५ मिलिटेस्लाला खालचा डिप २.२१ गिगाहर्ट्झजवळ यायला हवा. मग लेसरचे स्पंद: काही मायक्रोसेकंद पाटी पुसायला, आणि वाचताना फक्त पहिले तीनशे नॅनोसेकंद, कारण फरक तेवढ्यातच असतो. मायक्रोवेव्हचा स्पंद किती लांब दिला की स्पिन पूर्ण उलटतं हे राबी दोलनांवरून, म्हणजे स्पंद लांबवत नेला की उजेड ज्या लयीत कमीजास्त होतो त्यावरून, ठरवायचं. नंतर इको, म्हणजे मध्ये एक पलटी देऊन विस्कटलेलं स्पिन पुन्हा जुळून येतं का ते पाहणं. इको स्वच्छ येत नाही तोवर पुढची पायरी चढू नये, इथे घाई केलेले लोक महिने घालवतात.

शेवटी ऐकण्याची क्लृप्ती. २३.५ मिलिटेस्लात हायड्रोजनचं अणुकेंद्र १ मेगाहर्ट्झनं डोलतं. दर ५०० नॅनोसेकंदांनी, म्हणजे त्याच्या प्रत्येक अर्ध्या झोक्याला, एनव्हीला पलटी दिली तर त्या डोलण्याचा परिणाम साठत जातो आणि बाकीचा गोंगाट आपसात खोडला जातो. झोपाळ्याला वेळेवर धक्का देण्यासारखंच. स्पंदांच्या चुका साठू नयेत म्हणून त्यांच्या दिशा आलटून-पालटून ठेवतात, त्या आठांच्या संचाला एक्सवाय८ म्हणतात. असे आठ संच लावले की ६४ पलट्या, ३२ मायक्रोसेकंद. अंतर ५०० च्या आसपास बदलत गेलं की नेमक्या जागी डिप येतो.

नमुना म्हणून सूक्ष्मदर्शकाचं इमर्शन तेल बरं. पाण्याचा रेणू पाच नॅनोमीटरचं अंतर दहा-बारा नॅनोसेकंदांत ओलांडतो, एक झोका पुरा व्हायच्या आत तो पसार. घट्ट तेल जागेवर थांबतं.

आणि पुन्हा तोच प्रश्न

माझी तीच विद्यार्थिनी पुढे प्रकल्पासाठी एका मोठ्या प्रयोगशाळेत गेली. एका रात्री साडेअकराला फोन. "सर, हायड्रोजन दिसला! बरोब्बर ५०० ला!"

"कार्बनचं तपासलंस का गं?"

पलीकडे शांतता. हिऱ्यातला शंभरातला साधारण एक कार्बन हा कार्बन-१३ असतो आणि तोही डोलतो, टेस्लाला १०.७१ मेगाहर्ट्झनं. हायड्रोजनचा आकडा ४२.५८. जवळपास चौपट! पलट्या देणारे स्पंद क्षणिक नसतात, त्यांना लांबी असते, आणि त्यामुळे कार्बनची चौथी पट खोटा डिप दाखवू शकते. २३.५ मिलिटेस्लाला ही चौथी पट हायड्रोजनपासून फक्त सहा किलोहर्ट्झ दूर पडते. ३२ मायक्रोसेकंदांच्या मोजमापाची नजर तीसेक किलोहर्ट्झची. तिला हे दोघे एकच दिसणार.

क्षेत्र वाढवून डिप सरकतो का पाहणं, ही घरी आम्हाला तारणारी परीक्षा, इथे पुरत नाही. दोघेही त्याच प्रमाणात सरकतात. तेल बदलून फ्लोरिनचं तेल लावणं उपयोगी: फ्लोरिन ४०.०५ नं डोलतो, म्हणजे त्याच क्षेत्रात ०.९४ मेगाहर्ट्झला, आणि तो वेगळा दिसतो. पण तेल पुसल्यावरही हायड्रोजनचा डिप राहिला तर? हिऱ्याच्या पृष्ठभागावर हवेतल्या हायड्रोकार्बनांचा आणि ओलाव्याचा नॅनोमीटरभर थर जवळजवळ नेहमीच असतो, त्यातही हायड्रोजन आहे. हा थर काढायला उकळती आम्लं वापरतात. ते काम धुराड्याच्या कपाटात, जाणत्या माणसाच्या हाताखालीच करावं.

निकाल लावणारी परीक्षा सहसंबंधाची. एक्सवाय८ चा एक तुकडा, मग मोकळा वेळ, मग दुसरा तुकडा. मोकळा वेळ शंभर-शंभर नॅनोसेकंदांनी वाढवत जायचं. मधल्या काळात अणुकेंद्रं आपापल्या मूळ वेगानं डोलत असतात, पटीबिटीचा संबंध राहत नाही, आणि आलेखात लाटा उमटतात. दहा मायक्रोसेकंदांत दहा लाटा आल्या तर हायड्रोजन. अडीच आल्या तर कार्बन.

तिनं दुसऱ्या दिवशी मोजल्या. अडीच निघाल्या. एनव्ही केंद्र खूप खोल होतं, तेलापर्यंत त्याचा कान पोचतच नव्हता. तिनं ठिपक्याचा क्रमांक वहीत खोडला आणि नकाशावरचा पुढचा ठिपका घेतला.